काम शे, पन भरोसा नही : हरित नोकरी चांगली कशी होते

धुळ्याहून सुरत रस्त्याने साक्रीकडे निघालं, की नेर मागे पडल्यावर डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या दिसायला लागतात. आमच्याकडे त्यांना पंखेच म्हणतात. याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. आणि पार दुसऱ्या टोकाला, भुसावळजवळच्या दीपनगरला, कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र. वारा, ऊन आणि कोळसा, तिन्हींपासून वीज करणारी माणसं खान्देशातच आहेत, पावणेदोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात.

मागच्या उन्हाळ्यात एका सौर प्रकल्पाच्या फाटकावर मी थोडा वेळ थांबलो होतो. सकाळचे सात वाजलेले, ऊन अजून अंगावर यायचं होतं. पॅनेल पुसायला जाणारा एक मुलगा बाटलीत पाणी भरून घेत होता. आयटीआय झालेला, वायरमनचा ट्रेड. काम कसं आहे म्हणून विचारलं, तर अहिराणीत म्हणाला, ‘काम शे (आहे) दादा, पन भरोसा नही.’ ठेकेदार तीनदा बदलला होता. प्रत्येक वेळी कार्ड नवं, पीएफचा नंबर नवा आणि नोकरीचं वय पुन्हा शून्य. त्याच्या हातून तयार होणारी वीज स्वच्छ होती. नोकरी मात्र तशी नव्हती.

‘हरित रोजगार’ हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. भाषणांत, जाहिरातींत, कॉलेजच्या सेमिनारमध्ये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच घेतला जातो की पर्यावरणाला मदत करणाऱ्या उद्योगातलं काम. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, २००८ साली संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण विभाग, जगभरच्या युनियनांचा महासंघ आणि मालकांची जागतिक संघटना यांच्यासोबत या विषयावर मोठा अहवाल काढला, तेव्हा त्याच्या नावातच ‘सन्मानाचं काम’ हे शब्द होते. म्हणजे अट दुहेरी आहे. काम पर्यावरण राखणारं हवं, आणि त्या कामावर माणसाला नीट जगता आलं पाहिजे : पुरेसा पगार, सुरक्षितता, आजारपणात आधार, आणि आपलं म्हणणं एकत्र येऊन मांडायचा हक्क. यातलं पहिलं असलं की दुसरं आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. पंखा वाऱ्याने फिरतो, पगार वाऱ्याने वाढत नाही. तो कुणीतरी कुणाशी तरी बोलून, लिहून घेऊनच वाढतो.

हे बोलणं कंपनी आणि युनियन यांच्यात कसं होतं, कधी होतं आणि आपल्याकडे ते का होत नाही, हे या लेखात उलगडून पाहू.

मालक कोण, हेच कळत नाही

गिरणीत मालक दिसायचा. दीपनगरच्या कायम कामगाराला आपला मालक ठाऊक असतो, आपली युनियन ठाऊक असते, पगारवाढीचा करार कधी संपतो तेही ठाऊक असतं. सौर प्रकल्पात तसं नसतं. प्रकल्प एका कंपनीचा, उभारणीचं कंत्राट दुसरीकडे, देखभालीचं तिसरीकडे, त्या तिसऱ्याने माणसं पुरवायला नेमलेला मजूर ठेकेदार चौथा. फाटकावरचा वॉचमन सिक्युरिटी एजन्सीचा. एकाच कुंपणाच्या आत चाळीस माणसं असतील, तर त्यांचे पगार चार वेगवेगळ्या खिशांतून येतात. अशा ठिकाणी एकत्र यायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न हाच की मागणी करायची कोणाकडे.

कायद्यात याला उत्तर आहे, ते ‘मुख्य नियोक्ता’ या कल्पनेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ज्याच्या कामासाठी माणसं आणली त्या मूळ कंपनीवर ती देण्याची जबाबदारी येते. हे फार थोड्या कामगारांना माहीत असतं. पण कंत्राटी कामगारांसाठीची बाकीची चौकट २१ नोव्हेंबर २०२५ ला नवीन कामगार संहिता लागू झाल्यावर बदलली. पूर्वी १९७० च्या कायद्यात २० किंवा जास्त कंत्राटी कामगार असले की ठेकेदाराला परवाना आणि इतर अटी लागू होत. महाराष्ट्राने तो आकडा आधीच ५० केला होता, आता देशभरच तो ५० आहे. सौर किंवा पवन प्रकल्पाच्या देखभालीला एका ठेकेदाराकडे क्वचितच ५० माणसं असतात. किमान वेतन सगळ्यांनाच लागू आहे, ते कुठे गेलेलं नाही. पण कँटीन, विश्रांतीची जागा, परवान्याची तपासणी या गोष्टींच्या जाळीतून लहान ठेका निसटतो. माझ्या मते हरित कामांच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा खड्डा आहे, कारण ही कामं मुळातच लहान-लहान तुकड्यांत विखुरलेली असतात.

त्याच संहितांमध्ये कामगाराच्या बाजूच्या गोष्टीही आहेत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्या माणसाला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पाच वर्षं थांबावं लागत नाही. आणि आस्थापनेतल्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन असेल, तर वाटाघाटीसाठी तिलाच मान्यता द्यावी लागते. तेवढा पाठिंबा कुणाकडेच नसेल, तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. कागदावर ही वाट उघडी आहे. त्या वाटेवर चालण्याइतकी माणसं एका ठिकाणी टिकतच नाहीत, ही खरी अडचण.

किती नोकऱ्या, आणि कुठे

इथे एक आकडेमोड करूनच पुढे जावं लागेल, कारण याबाबत फार स्वप्नं विकली जातात. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी २०१७ साली भारतातल्या कंपन्यांकडून माहिती घेऊन हिशेब मांडला. जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॉटमागे साधारण साडेतीन नोकरी-वर्षं तयार होतात. पवनऊर्जेत सव्वाच. आणि घरांच्या, दुकानांच्या छतांवर बसवलेल्या सौर पॅनेलमध्ये मात्र जवळपास २५. नोकरी-वर्ष म्हणजे एका माणसाला एक वर्षभर पुरेल एवढं काम.

यातून दोन गोष्टी निघतात. मोठ्या प्रकल्पातलं बहुतेक काम उभारणीच्या काळातलं असतं. खड्डे, लोखंडी सांगाडे, वायरिंग, आणि मग शांतता. गावाला पहिल्या वर्षी गर्दी दिसते, दुसऱ्या वर्षी फाटकावर दोन माणसं दिसतात. आणि ज्या प्रकारात खरोखर जास्त हातांना काम आहे, त्या छतावरच्या कामात मालक म्हणजे पाच-सहा पोरं घेऊन फिरणारा स्थानिक व्हेंडर. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. जळगाव, धुळे, चोपडा, शहादा, सगळीकडे छतांवर पॅनेल चढताना दिसतात. ती चढवणारी पोरं मे महिन्यात, भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात, पत्र्यावर उभी असतात. बऱ्याचदा सुरक्षेचा पट्टा न बांधता.

म्हणून ‘युनियन’ म्हटल्यावर डोळ्यापुढे गिरणीचा भोंगा आणि फाटकावरची सभा आणायची, तर इथे ती सभा भरणारच नाही. वेगळा साचा लागेल. तो परदेशात थोडा सापडतो, आणि घरातही सापडतो.

पोलादाच्या जागेवर पंख्यांचा कारखाना

अमेरिकेत पर्यावरणवादी आणि कामगार यांचं बरीच वर्षं पटत नव्हतं. एक बाजू म्हणायची कारखाना बंद करा, दुसरी म्हणायची मग आमच्या चुलीचं काय. २००६ साली पोलाद कामगारांची तिथली मोठी युनियन आणि सिएरा क्लब ही जुनी पर्यावरण संस्था एकत्र आल्या आणि ‘ब्लूग्रीन अलायन्स’ नावाची आघाडी केली. निळा रंग अंगमेहनतीच्या कामगारांचा, हिरवा पर्यावरणाचा. त्यांचं म्हणणं साधं होतं : चांगली नोकरी की स्वच्छ हवा, ही निवडच खोटी आहे. कारखान्याची धूळ सगळ्यात आधी कामगाराच्याच छातीत जाते.

त्याच सुमाराला गामेसा ही पवनचक्क्या बनवणारी स्पॅनिश कंपनी पेन्सिल्व्हेनियात आली. तिचा एक कारखाना फेअरलेस हिल्सला, जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारातच उभा राहिला. जिथे पोलाद वितळायचं, तिथे पंखे जोडले जाऊ लागले. कामगार पोलाद युनियनचे सभासद झाले आणि कंपनीने युनियनशी करार केला. या विषयावर बोलताना हे उदाहरण फार दिलं जातं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. पवनऊर्जेची करसवलत चालू राहणार की नाही, याचा काही वर्षांनी घोळ झाला, मागणी आटली, माणसं कमी केली गेली आणि पेन्सिल्व्हेनियातले ते कारखाने शेवटी बंद पडले. युनियन होती, करार होता, कंपनी समजूतदार होती. तरीही सरकारी धोरण दर दोन वर्षांनी कूस बदलत असेल, तर कराराला जमीन राहत नाही.

म्हणून २०२२ च्या अमेरिकी कायद्यात वेगळी युक्ती केली गेली. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पाला गुंतवणुकीवरची मूळ करसवलत ६ टक्के. पण एक मेगावॉटच्या वरच्या प्रकल्पाने त्या भागातली प्रचलित मजुरी दिली आणि ठरल्याप्रमाणे अप्रेंटिस ठेवले, तर तीच सवलत ३० टक्के. पाचपट! मजुराला नीट पगार देणं कंपनीच्याच फायद्याचं झालं. २०२५ मध्ये नव्या कायद्याने वारा आणि उन्हाच्या सवलतींवर कात्री चालवली, पण ती युक्ती शिकण्यासारखीच आहे. सवलत देतानाच अट घालायची. नंतर विनवण्या करण्यात अर्थ नसतो.

समुद्रातल्या पवनचक्क्या उभारणारी डेन्मार्कची ऑर्स्टेड कंपनी आणि अमेरिकेतल्या बांधकाम युनियनांचा महासंघ यांनी २०२२ च्या मे महिन्यात देशपातळीवरचा करार केला. एकही खांब गाडण्याआधी मजुरी, प्रशिक्षण, सुरक्षितता आणि भांडण मिटवायची पद्धत ठरवायची, असा त्याचा गाभा. अशा कराराला प्रकल्प-करार म्हणता येईल. सगळे ठेकेदार, पोटठेकेदार त्याला बांधलेले असतात. आपल्या चार खिशांच्या अडचणीवर याहून नेमकं औषध मला अजून दिसलेलं नाही : ठेकेदार कितीही बदलोत, करार प्रकल्पाला चिकटलेला.

कोळसा गेला तरी तार उरते

स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात अंदोरा नावाचं गाव आहे. (त्याच नावाचा छोटा देश वेगळा.) तिथलं एंदेसा कंपनीचं कोळशाचं वीज केंद्र २०२० मध्ये बंद झालं. वीज केंद्र बंद पडलं तरी एक मोलाची गोष्ट मागे राहते, ती म्हणजे ग्रीडला, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्याला, जोडलेल्या जाड तारा आणि सबस्टेशन. नव्या सौर किंवा पवन प्रकल्पाला वीज वाहून न्यायला तीच जागा हवी असते आणि ती सहज मिळत नाही. स्पेनच्या सरकारने त्या तारेतली सुमारे १,२०० मेगावॉटची जागा लिलावाला काढली, पण नुसतं ‘कोण जास्त पैसे देतो’ असं विचारलं नाही. स्थानिक लोकांना किती नोकऱ्या देणार, बंद पडलेल्या केंद्रातल्या माणसांना काय शिकवणार, गावाला काय मिळणार, याला गुण दिले. त्याआधी २०१८ मध्ये सरकार, खाणमालक आणि युनियन यांनी कोळसा खाणी बंद करण्याबद्दल एकत्र बसून करार केलेलाच होता. या सगळ्याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही हे शब्द आहेत. आपल्या भाषेत : बदल व्हायचाच आहे, तर त्याचा भार एकट्या कामगाराच्या डोक्यावर टाकू नका.

आता दीपनगरकडे बघा. काही जुने छोटे संच काढून टाकले गेले, ५०० मेगावॉटचे दोन संच आले, आणि ६६० मेगावॉटचा नवा संचही उभा राहिला. म्हणजे दीपनगर उद्या बंद पडणार नाही, आणि तशी भीती घालणं चूक आहे. पण औष्णिक संचाला वय असतं. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलंय, आणि त्याच्या कितीतरी आधी एकेक संच म्हातारा होत जाईल. तेव्हा पहिला फटका कायम कामगाराला बसणार नाही. त्याची बदली होईल, निवृत्ती होईल. कोळसा उतरवणारा, राख वाहणारा, कँटीनमध्ये वाढणारा कंत्राटी माणूस, फाटकाबाहेरचा गॅरेजवाला, चहावाला, यांच्यासाठी कुठल्याच यादीत ओळ नसेल. त्या याद्या आताच करायला हव्यात, संच चालू असताना, युनियनची ताकद असताना. तिथली तार आणि सबस्टेशन उद्या कुणाला, कोणत्या अटीवर द्यायचं, हा प्रश्नही आताच विचारण्याचा आहे.

एक गोष्ट इथे मनापासून लिहायची आहे. आपल्याकडच्या मोठ्या युनियनांनी कंत्राटी कामगाराला बऱ्याच ठिकाणी आपल्यात घेतलं नाही. एकाच संचावर, एकाच पाळीत, एकाच धुळीत काम करणारी माणसं दोन जातींसारखी वागवली गेली. हरित प्रकल्पांमध्ये तर कायम कामगार जवळपास नसतोच, सगळेच कंत्राटी. युनियनला तिथे जायचं असेल, तर आधी हा दुरावा घालवावा लागेल.

आपल्या बाजार समितीतलं उत्तर

परदेशी उदाहरणांनी भारावून जायची गरज नाही, कारण विखुरलेल्या कामगाराला हक्क कसे द्यायचे याचं एक उत्तम उत्तर महाराष्ट्राने १९६९ सालीच काढलंय. माथाडी कायदा. जळगावच्या किंवा दोंडाईच्याच्या बाजार समितीत हमालाला विचारा. तो आज या आडत्याची पोती उचलतो, उद्या त्याची. मालक रोज बदलतो. म्हणून कायद्याने मंडळाची व्यवस्था केली : त्यात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार. आडत्या बदलला तरी कामगाराचं खातं तेच. अंमलबजावणीत खोट आहे, नोंदणी टाळली जाते, माथाडीच्या नावाखाली दादागिरी झाल्याच्याही तक्रारी आहेत. तरी कल्पना पक्की आहे.

मग पॅनेल बसवणाऱ्या आणि पुसणाऱ्या पोरांसाठी असंच मंडळ का नको? व्हेंडर पाच पोरांचा असला तरी त्याने बसवलेल्या प्रत्येक किलोवॉटमागे थोडी लेव्ही मंडळात भरायची. सरकार घरमालकाला अनुदान देतंच आहे. ते व्हेंडरच्या कामाला मिळण्याआधी मंडळाची नोंदणी तपासायची, एवढीच अट. पोरगा साक्रीहून नवापूरला गेला तरी त्याचा पीएफ नंबर तोच राहील. ही माझी सूचना आहे, कुठे लागू झालेली योजना नाही. पण अमेरिकेतल्या ६ आणि ३० टक्क्यांची युक्ती आणि आपला माथाडी कायदा एकत्र ठेवले, तर हेच निघतं.

दुसरं घरचं उदाहरण पुण्याचं. कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली युनियन केली. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. पुढे याच युनियनमधून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि तिने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. ‘हरित रोजगार’ हा शब्द कुणी उच्चारायच्या आधीपासून या बायका ते काम करत होत्या. युनियन झाल्यावर त्यांना ओळखपत्र मिळालं, आणि कचऱ्यातल्या भंगारावरचा हक्क मिळाला.

हे वाचताना मला जळगावची एमआयडीसी आठवते. चटई आणि प्लास्टिकच्या पाइपांसाठी हे शहर ओळखलं जातं. जुन्या प्लास्टिकचा दाणा करून पुन्हा वापरणं हेही हरितच काम. पण त्या तापलेल्या मशिनीपुढे, वितळत्या प्लास्टिकच्या वासात उभ्या माणसाला मास्क, पंखा, पाळीचे तास, यातलं काय मिळतं, ते कुणी ‘हरित’ या शब्दात मोजत नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरल्यावर उरलेल्या खोडापासून धागा काढतात. बचत गटातल्या बायका हे काम किलोवर करत असतील, तर त्यांचा दर कोण ठरवतं? आणि ठिबक. सूक्ष्म सिंचनाचा एवढा मोठा उद्योग भवरलाल जैन यांनी जळगावातच उभा केला, आणि पाणी वाचवायचं काम म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ठिबकच्या नळ्या अंथरणारा मजूर मात्र हरित कामगारांच्या कुठल्या मोजणीत येतो, ते शोधावं लागतं.

संघटना करणं खान्देशाला नवं नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि नंतर ते इथल्या गिरणी कामगारांमध्ये उभे राहिले. १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना झाली ती भूमिहीन आदिवासी सालदारांची, म्हणजे सालभराच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांची, ज्यांना मजुरीचा भाव करायचा असतो हेच कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनीला यात काय मिळतं

‘युनियन आली की कंपनी जाते,’ हे वाक्य महाराष्ट्रात १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपापासून घट्ट बसलंय. त्या संपाने फार घरं उद्ध्वस्त झाली, ती भीती खोटी नाही. पण इथे एक फरक आहे. गिरणी हलवता येते, पंखे बनवायचा कारखाना बंद करून निघून जाता येतं, गामेसाने तेच केलं. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरचा वारा मात्र उचलून नेता येत नाही. वीज तयार करणाऱ्या कंपनीला वारा आणि ऊन जिथे आहे तिथेच बसावं लागतं, वीस-पंचवीस वर्षं. इतकी वर्षं ज्या गावात काढायची, तिथल्या माणसांशी लेखी समजूत असणं तिच्याही फायद्याचं आहे. टॉवरवर चढणारा माणूस दर सहा महिन्यांनी नवा असेल, तर अपघात वाढतात आणि पंखा बंद राहतो. शिवाय परदेशी बँकांचं कर्ज घेताना कामगारांना संघटित होण्याचा हक्क आहे का, हे विचारलं जातं.

आणि एक कागद आहे, जो सामान्य माणसालाही बघता येतो. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय, २०२२-२३ पासून. त्यात किती टक्के कर्मचारी आणि कामगार युनियनचे सभासद आहेत, किती जणांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळतं, किती अपघात झाले, हे लिहावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर तो असतो. आपल्या गावात प्रकल्प टाकणारी किंवा तिच्यामागची मोठी कंपनी त्या यादीत असेल, तर मोबाइलवर उघडून पाहा. पहिल्या पानावर झाडांचे फोटो असतील. युनियनचा रकाना पुढे, तिसऱ्या तत्त्वाच्या (‘प्रिन्सिपल ३’) भागात सापडेल.

वेळ कोणती

करार करायची वेळ कोणती, यावरच सगळं अवलंबून आहे. कंपनीला आपली गरज कधी असते? जमीन घेताना, रस्ता करताना, ग्रामपंचायतीची ना-हरकत मागताना, सरकारी सवलत घेताना. एकदा कुंपण पडलं की गरज संपली.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं उदाहरण घ्या. शेतीपंपांच्या वीजवाहिनीला (फीडरला) वीज देणाऱ्या सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये, आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. ही वाढ कागदावर लिहिलेली आहे, पुढच्या सगळ्या वर्षांसाठी. शेतकऱ्याला हे मिळालं याचा आनंदच आहे. पण त्याच जमिनीवर रोज राबणाऱ्या माणसाच्या पगाराला अशी एकही ओळ कुठे नाही. जमिनीसाठी जे लिहिता आलं, ते माणसासाठी लिहायला कोणता कायदा आडवा आला होता?

आणि साक्रीच्या पठारावर ही वेळ पुन्हा येते आहे. इथले बरेच पंखे २००० नंतरच्या दशकातले. पवनचक्कीचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं धरतात. केंद्राने २०२३ मध्ये जुने पंखे काढून जास्त क्षमतेचे नवे बसवायचं, किंवा जुन्यांचं आयुष्य वाढवायचं, सुधारित धोरण आणलं. म्हणजे येत्या काही वर्षांत क्रेन पुन्हा डोंगर चढतील. जुनी पाती उतरवावी लागतील. ती फायबरची, सहजी न कुजणारी, त्यांचं काय करायचं हेही एक कामच आहे, आणि तेही हरित. नवे पाये खणावे लागतील, रस्ते रुंद होतील.

साक्रीचा पश्चिम भाग आणि नंदुरबारचा मोठा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा आहे, आणि जिथे वनहक्काचे दावे आहेत तिथे २००६ चा वनहक्क कायदाही. ग्रामसभेच्या ठरावात जमिनीच्या भाड्यासोबत आणखी काही ओळी घालता येतात. देखभालीच्या कामावर गावातली किती माणसं, आणि त्यांना प्रशिक्षण कोण देणार. ठेकेदार बदलला तरी जुनी माणसं नव्याकडे चालू राहतील आणि त्यांची सेवा सलग धरली जाईल. एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावरचं काम किती वाजता थांबणार. टॉवरवर चढणाऱ्याला पट्टा, विमा, आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत गाडी. कामगारांनी युनियन केली तर कंपनी आडवी येणार नाही. ठरावाच्या दोन प्रती : एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्ह्यातल्या एखाद्या नोंदणीकृत युनियनकडे, म्हणजे कंपनीने शब्द मोडला तर दाद मागायला कुणीतरी ओळखीचं असेल.

ठराव लिहिणाऱ्यांनी एवढंच बघावं की सहीची तारीख क्रेन येण्याच्या आधीची आहे.